कापड, जिप्सम आणि मोडलेलं हाड : डॉ. निकोलाय पिरोगोव्ह यांची जीवनकथा



जून महिन्यात शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा गळ्यात झोळी अडकवून आला. सुट्टीत आजोळी जांभळाच्या झाडावरून पडला होता. उजव्या हाताला दंडापर्यंत पांढरंशुभ्र प्लास्टर. मधल्या सुट्टीत सगळ्यांनी त्यावर आपापली नावं लिहिली, एकीने फूल काढलं. मुलांच्या दृष्टीने तो वर्गाचा हिरोच झाला.

दोन दिवसांनी मी गृहपाठाच्या वह्या तपासत होते. गठ्ठ्यात त्याची वही कोरी. मी मान वरही न करता त्याचं नाव घेतलं आणि उभं राहायला सांगितलं. वर दोन शब्द सुनावलेही. तो काहीच बोलला नाही, फक्त झोळीतला हात थोडा वर केला. वर्गात कुणी हसलं नाही. तेव्हा मी मान वर केली.

त्याच दिवशी शाळा सुटताना तो माझ्या टेबलाजवळ आला, प्लास्टरवर खडू घासून पाहिला आणि विचारलं, बाई, हे आणि हा खडू एकच आहे का? मला नीट उत्तर देता आलं नाही. त्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी एका माणसापर्यंत पोहोचले. हा माणूस मोठा शल्यविशारद तर होताच, पण तो आपल्यासारखाच शिक्षणाच्या कामातलाही होता. चला तर मग, आज त्यांच्याविषयी जाणून घेऊ या.

आधी खडूचं उत्तर

त्या मुलाचं बरोबर होतं, बरं का. आपल्या वर्गातले बहुतेक खडू प्लास्टर ऑफ पॅरिस साच्यात ओतून केलेले असतात. आणि हाताला घालतात ते प्लास्टरही तेच. जिप्सम नावाचा मऊ दगड जमिनीतून काढतात, तो साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. त्यातलं पाऊण हिस्सा पाणी निघून जातं आणि पांढरी भुकटी उरते. पॅरिसजवळच्या मोंमार्त्र टेकडीत जिप्समच्या खाणी होत्या, म्हणून हे नाव पडलं. या भुकटीत पुन्हा पाणी घातलं की ती पाणी पिते, गरम होते आणि काही मिनिटांत पुन्हा दगड होते. आत सुयांसारखे बारीक स्फटिक तयार होतात आणि एकमेकांत अडकून बसतात.

पण मग खडू बोटांत पटकन मोडतो आणि हाताचं प्लास्टर का मोडत नाही? कारण प्लास्टरच्या आत सुती कापड असतं. कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोज. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला बहुवारिक म्हणतात, त्यातलं हे निसर्गात तयार होणारं बहुवारिक. लांबच लांब साखळीसारखे रेणू, ओढलं तरी सहज न तुटणारे. जिप्सम असेंद्रिय, दाबलं तर टिकतं, वाकवलं की मोडतं. दोघांना एकत्र आणलं की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. खेड्यातल्या घराची भिंत लिंपताना मातीत गवत किंवा तूस का मिसळतात, हे आपल्या आजीला माहीत होतं. इथेही तेच तत्त्व आहे.

आणि गंमत म्हणजे, ज्या हाडासाठी हे सगळं करायचं ते हाडही असंच बनलेलं असतं. कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन, आणि त्यात बसलेले कॅल्शियम व फॉस्फेटचे कठीण स्फटिक. म्हणजे मोडलेल्या हाडाला आधार द्यायला माणसाने जे शोधलं, त्याची मूळ युक्ती शरीरात आधीपासूनच होती.

ही युक्ती रणांगणावर नेऊन हजारो जखमींपर्यंत पोहोचवणारा माणूस म्हणजे निकोलाय इवानोविच पिरोगोव्ह.

डॉक्टर-डॉक्टर खेळणारा मुलगा

पिरोगोव्ह यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८१० रोजी मॉस्कोत झाला. घरात चौदा भावंडं झाली, त्यातलं हे तेरावं. वडील सैन्याच्या रसद खात्यात खजिन्याचं काम पाहायचे. निकोलाय लहान असताना त्याचा मोठा भाऊ फार आजारी पडला आणि त्याला बरं करायला येफ्रेम मुखिन नावाचे नामवंत डॉक्टर घरी येऊ लागले. ते आले की घरातले सगळे कसे अदबीने उभे राहतात, डॉक्टर नाडी कशी पाहतात, हे या चिमुकल्याने टिपलं आणि तो घरभर मुखिन डॉक्टर बनून फिरू लागला. घरच्यांच्या नाड्या तपासू लागला. पालकहो, मुलं खेळतात तेव्हा फक्त वेळ घालवत नसतात, याचं हे एक उदाहरण.

पुढे घरावर संकट आलं. वडिलांच्या हाताखालचा माणूस सरकारी रक्कम घेऊन पळाला आणि भरपाई वडिलांच्या डोक्यावर आली. शाळेची फी परवडेना. तेव्हा त्याच मुखिन डॉक्टरांनी सुचवलं की मुलाला सरळ विद्यापीठात घाला. वयाची अट सोळा वर्षांची होती. १८२४ मध्ये कागदोपत्री वय वाढवून चौदाव्या वर्षी निकोलाय मॉस्को विद्यापीठाच्या वैद्यक शाखेत दाखल झाला. दुसऱ्याच वर्षी वडील वारले आणि कर्जापायी राहतं घरही गेलं.

आता विद्यापीठातलं शिक्षण कसं होतं ते ऐका. प्राध्यापक जुनी पुस्तकं वाचून दाखवायचे आणि विद्यार्थी उतरवून घ्यायचे. शस्त्रक्रियेचा विषयही तोंडीच. स्वतःच्या हाताने एकही शस्त्रक्रिया न करता हा मुलगा १८२८ मध्ये डॉक्टर झाला! ही गोष्ट पिरोगोव्ह यांनी आयुष्यभर लक्षात ठेवली. पाठांतराने पदवी मिळते, हात तयार होत नाहीत, हे त्यांना स्वतःच्याच शिक्षणातून कळलं होतं.

चुका छापणारा प्राध्यापक

त्यानंतर सरकारने निवडक हुशार तरुणांना पुढील शिक्षणासाठी दोरपात येथे पाठवलं. आज हे शहर एस्टोनियात आहे आणि त्याला तार्तू म्हणतात. इथे मात्र पिरोगोव्ह यांनी कसर भरून काढली. प्रयोगशाळा हेच त्यांचं घर झालं. पुढे बर्लिनलाही ते शिकून आले आणि १८३६ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी दोरपातलाच शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले.

प्राध्यापक झाल्यावर त्यांनी काय केलं? आपल्या रुग्णालयाचा अहवाल छापला. त्यात यशस्वी शस्त्रक्रिया होत्याच, पण आपण कुठे चुकलो, कोणत्या रुग्णाचं निदान फसलं, कोणाच्या बाबतीत घाई झाली, हेही मोकळेपणाने लिहिलं. त्या काळात प्राध्यापकाने असं करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. सहकाऱ्यांना धक्का बसला. पण तरुण डॉक्टरांनी त्याच चुका पुन्हा करू नयेत, हा त्यांचा साधा हेतू होता.

हे वाचलं तेव्हा मी थांबले. आपल्या निरीक्षण नोंदवहीत आपण मुलांच्या चुका लिहितो. स्वतःच्या चुकांसाठी आपल्याकडे रकाना आहे का?

बर्फातलं शरीर आणि शिल्पकाराची कार्यशाळा

१८४१ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गच्या वैद्यकीय-शल्य अकादमीत गेले. तिथल्या कडाक्याच्या थंडीचाही त्यांनी उपयोग करून घेतला. मृतदेह गोठवायचा आणि करवतीने त्याचे पातळ पातळ काप घ्यायचे, म्हणजे आतले अवयव नेमके कुठे आणि कसे असतात ते दिसतं. या कापांच्या चित्रांचा भला मोठा संग्रह त्यांनी प्रसिद्ध केला. आज सी.टी. स्कॅनमध्ये शरीराचे आडवे छेद दिसतात ना, तशीच ती नजर होती, पण यंत्राशिवायची.

१८४६ मध्ये बाळंतपणानंतर त्यांची पत्नी वारली. दोन लहान मुलं मागे राहिली. त्याच वर्षी अमेरिकेत ईथर हुंगवून वेदनारहित शस्त्रक्रिया झाल्याची बातमी आली. १८४७ च्या सुरुवातीलाच पिरोगोव्ह ईथर वापरू लागले आणि त्या उन्हाळ्यात कॉकेशसच्या युद्धात साल्ता गावाच्या वेढ्यात तंबूमध्ये जखमींवर ईथर देऊन शस्त्रक्रिया केल्या. रणांगणावर एवढ्या मोठ्या प्रमाणात भूल वापरण्याची ही पहिलीच वेळ. सैनिकांना भीती वाटू नये म्हणून ते इतर जखमींना शेजारी बसवून पाहू द्यायचे. शब्दांनी समजावण्यापेक्षा दाखवणं बरं, ही शिक्षकाचीच युक्ती नाही का?

याच मोहिमेत त्यांनी मोडलेल्या हातापायांना खळीची पट्टी बांधली. खळ म्हणजे स्टार्च. कापडाला खळ लावून गुंडाळायचं आणि वाळू द्यायचं, ही बेल्जियमच्या स्यूतां या डॉक्टरांची पद्धत. पण ती पट्टी वाळायला फार वेळ लागायचा आणि ओल लागली की ती मऊ पडायची. आता विचार करा, जखमी सैनिक खडबडीत रस्त्यावरून बैलगाडीत पडून चालला आहे, गाडी प्रत्येक दगडावर आपटते आहे आणि आतलं मोडलेलं हाड हलतं आहे. अशा वेळी एक दिवस वाट कोण पाहणार?

उत्तर त्यांना रुग्णालयात सापडलं नाही. स्तेपानोव्ह नावाच्या शिल्पकाराच्या कार्यशाळेत त्यांनी पाहिलं की कापडावर जिप्समचं पाणी पडलं की ते बघता बघता कडक होतं. त्यांनी लगेच कापडाच्या पट्ट्या जिप्सममध्ये भिजवून रुग्णाच्या मोडलेल्या पायावर बसवून पाहिल्या. काही मिनिटांत साचा तयार! १८५४ मध्ये त्यांनी या पद्धतीवर पुस्तिका प्रसिद्ध केली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्लास्टरचा शोध एकट्या पिरोगोव्ह यांचा नाही. नेदरलँड्सचे लष्करी डॉक्टर अँटोनियस माथाइसेन यांनी हार्लेम येथे जवळपास त्याच काळात सुती पट्टीत कोरडी प्लास्टरची भुकटी चोळून, ती वेळेवर भिजवून बांधण्याची पद्धत काढली आणि १८५२ मध्ये ती प्रसिद्धही केली. पुढे जगभर दवाखान्यांत गेलेली प्लास्टरची गुंडाळी त्यांच्याच पद्धतीची. मुलांना सांगताना आपण एका शोधाला एकच नाव चिकटवतो. खरं तर बरेचसे शोध असे अनेकांच्या हातून घडत असतात.

सेवास्तोपोल

क्रिमियन युद्ध म्हटलं की आपल्याला फ्लोरेन्स नाइटिंगेल आठवते. हातात दिवा घेतलेली ती परिचारिका पाठ्यपुस्तकांतून आपल्या ओळखीची आहे. ती ब्रिटिश सैनिकांची शुश्रूषा करत होती, त्याच वेळी समोरच्या बाजूला, वेढा पडलेल्या सेवास्तोपोल शहरात पिरोगोव्ह काम करत होते. १८५४ च्या नोव्हेंबरमध्ये ते तिथे पोहोचले. हजारो जखमी ओल्या जमिनीवर, एकमेकांना खेटून पडलेले. डॉक्टर ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे धावत. जो शांत पडला आहे तो कदाचित मरणाच्या दारात असे, पण त्याच्याकडे कोणी बघत नसे.

पिरोगोव्ह यांनी आधी वर्गवारी लावली. ताबडतोब शस्त्रक्रिया लागणारे एकीकडे, थोडं थांबू शकणारे दुसरीकडे, किरकोळ जखमांचे तिसरीकडे, आणि ज्यांच्यासाठी काहीच करता येणार नाही त्यांच्या शेवटच्या घटकेला सोबत करायला परिचारिका आणि धर्मगुरू. ग्रँड डचेस येलेना पावलोव्हना यांच्या पुढाकाराने तयार झालेलं परिचारिकांचं पथक त्यांच्या हाताखाली आलं. त्यांनी परिचारिकांची कामं वाटून दिली: कोणी मलमपट्टी करायची, कोणी औषधं सांभाळायची, कोणी खाणंपिणं आणि व्यवस्था पाहायची.

आणि मग प्लास्टर. त्याआधी गोळीने हाड फुटलं की बहुतेक वेळा हात किंवा पाय कापूनच टाकत, कारण जखम सडून माणूस मरण्यापेक्षा तेच बरं असं समजत. तरुणपणी पिरोगोव्ह यांचंही मत लवकर कापावं असंच होतं. प्लास्टरने त्यांनाच बदललं. हाड घट्ट बसवायचं, जखमेच्या जागी प्लास्टरला खिडकी ठेवायची, आणि मग जखमीला गाडीतून दूरच्या रुग्णालयात पाठवायचं. किती तरी सैनिक त्यामुळे स्वतःच्या पायावर घरी गेले. शेतकऱ्याच्या घरात एक पाय वाचणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

शल्यविशारद शिक्षण खात्यात

युद्ध संपलं आणि १८५६ मध्ये पिरोगोव्ह यांनी एक लेख लिहिला. विषय शस्त्रक्रिया नव्हता, शिक्षण होता! नौदलाच्या एका मासिकात तो छापून आला आणि रशियाभर गाजला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: आपण मुलांना अगदी लहानपणापासून अधिकारी, वकील, सैनिक बनवायला निघतो. आधी त्यांना माणूस बनू द्या, व्यवसाय नंतर शिकता येतो. पाचवी-सहावीतच मुलाला पुढच्या मोठ्या प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीला घालणाऱ्या पालकांनी हा विचार एकदा जरूर करून पाहावा.

लेखाचा परिणाम असा झाला की सरकारने त्यांनाच शिक्षण विभागाचे प्रमुख नेमलं, आधी ओडेसा आणि नंतर कीव्ह इथे. ते शाळांमध्ये स्वतः जाऊन मागच्या बाकावर बसत. १८५९ मध्ये त्यांच्या पाठिंब्याने कीव्हमध्ये रविवारच्या शाळा सुरू झाल्या. आठवडाभर राबणारी मुलं आणि मोठी माणसं तिथे येत आणि विद्यापीठाचे विद्यार्थी त्यांना फुकट शिकवत.

छडीविषयी मात्र त्यांची गोष्ट सरळ नाही. ओडेसात असताना त्यांनी मुलांना फटके मारण्याविरुद्ध स्पष्ट लिहिलं. मारामुळे मुलाची लाज मरते, अपराधाची जाणीव वाढत नाही, असं त्यांचं मत होतं. पण कीव्हमध्ये शिक्षेचे नियम करायची वेळ आली तेव्हा त्यांच्या समितीतल्या बहुसंख्य लोकांना छडी हवी होती. त्यांनी ती काही मोजक्या अपराधांपुरती आणि शिक्षकांच्या सभेच्या निर्णयावर ठेवली. दोब्रोल्युबोव्ह या तरुण समीक्षकाने यावर त्यांच्यावर कडक टीका केली, आणि ती चूक नव्हती. प्लास्टर बांधताना कुणाचं न ऐकणारा माणूस इथे बहुमतापुढे झुकला. मला हे लपवावंसं वाटत नाही. आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारणं आणि मानसिक त्रास देणं या दोन्हींवर बंदी घातली आहे. दुसरा शब्द नीट वाचा. माझ्या हातात त्या दिवशी छडी नव्हती, तरी मी एका मोडलेल्या हाताला सगळ्यांसमोर उभं केलं होतं.

शेवटची वर्षं

पिरोगोव्ह सरकारला फार मोकळे वाटू लागले आणि १८६१ मध्ये त्यांना कीव्हचं पद सोडावं लागलं. विनित्सा शहराजवळ विश्न्या नावाच्या गावी त्यांची जमीन होती, आज तो भाग युक्रेनमध्ये आहे. तिथे त्यांनी छोटा दवाखाना आणि औषधालय काढलं आणि गरीब शेतकऱ्यांवर मोफत उपचार केले. १८६२ मध्ये इटलीचे नेते गॅरिबाल्डी यांच्या पायात गोळी आहे की नाही यावर डॉक्टरांचं एकमत होईना, तेव्हा पिरोगोव्ह यांनी तपासून गोळी आत आहे असं सांगितलं. पुढे ती निघालीही. १८७७ मध्ये, साठी उलटून गेल्यावरही ते बल्गेरियाच्या रणभूमीवर जखमींची व्यवस्था पाहायला गेले.

१८८१ मध्ये त्यांच्या कार्याला पन्नास वर्षं झाल्याबद्दल मॉस्कोत मोठा सत्कार झाला. त्याच सुमारास वरच्या जबड्यातल्या व्रणाचं निदान झालं. तो कर्करोग होता. ५ डिसेंबर १८८१ रोजी विश्न्या इथे त्यांचं निधन झालं. त्यांचा जतन केलेला देह आजही विनित्सा इथे आहे.

आज वैद्यकशास्त्र बरंच पुढे गेलं आहे. कोलॅजेन आणि हाडातलं खनिज एकत्र करून हाडातली पोकळी भरण्याचे पदार्थ बनवतात. साधन बदललं, पण चिवट आणि कठीण यांना एकत्र आणायचं हे सूत्र तेच राहिलं.

वर्गात करून पाहा

१. कोंबडीचं स्वच्छ केलेलं हाड चार-पाच दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा. मधे एकदा व्हिनेगर बदला. खनिज विरघळतं, कोलॅजेन उरतं आणि हाड रबरासारखं वाकतं.

२. दोन काडेपेटीच्या ट्रेमध्ये कालवलेलं प्लास्टर ओता. एकात सुती पट्टीचे थर घाला, दुसऱ्यात काही नको. पूर्ण वाळल्यावर दोन्ही वाकवून पाहा. फरक मुलांना स्वतःच कळेल.

एक सूचना महत्त्वाची: प्लास्टर घट्ट होताना चांगलंच तापतं. मुलांना त्यात हात बुडवू देऊ नका, भाजू शकतं. कालवण्याचं काम आपणच करा.

माझ्या वर्गात हा प्रयोग झाला तेव्हा त्याचं प्लास्टर निघालेलं होतं. हात जरा बारीक आणि फिकट दिसत होता. प्रयोगाआधी मी वर्गाला सांगितलं की त्या दिवशी न बघता रागावणं ही माझी चूक होती, त्याची नव्हे. मुलं क्षणभर गप्प झाली. मग त्याने उजव्याच हाताने कापड नसलेली वडी उचलली आणि सगळ्यांसमोर कट्टकन मोडून दाखवली. कापड घातलेली मात्र त्याला मोडता आली नाही. ती अजून आमच्या वर्गाच्या खिडकीत ठेवली आहे.